सदतीसवर कोणीतरी आहे

रविवारी सकाळी सव्वानऊला माझ्या लॅपटॉपने मला सांगितलं की इथे आणखी कोणीतरी आहे. शब्द अगदी असे नव्हते. शब्द मीच लिहिलेत, दोन वर्षांपूर्वी, त्यामुळे पाठ आहेत: हा पत्ता दुसरं यंत्र वापरतंय. काळ्या पडद्यावर तांबडी ओळ. ती ओळ मी मुद्दाम दोन यंत्रांची भांडणं लावून शंभरदा बघितली असेल, पण आपोआप आलेली कधी नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. बग आहे, चूक आहे, हे सगळं नंतर. आधी चहाचा कप हातात तसाच धरून मी मागे वळून बघितलं. गादी, दोरीवर दोन शर्ट, भिंतीला टेकवलेली केबलची रिळं, बाटलीतलं पाणी. कोणी नव्हतं. असणार कुठून. बोईसरच्या या खोलीत मी चौदा महिने राहतोय आणि माझ्याशिवाय इथे जेवलेलं माणूस म्हणजे एकदा समोरच्या खोलीतला शिवाजी, तोही उभ्याने. खालून कोणीतरी ओरडत होतं, अरे पानी आया क्या, आणि दुसरं कोणी म्हणत होतं, आया भी और गया भी. खिडकीतून कारखान्यांचा तो वास येत होता, पहिल्या महिन्यात ज्याने डोकं दुखायचं आणि आता गावाला गेलो की ज्याच्याशिवाय हवा पातळ वाटते.

मी काय करतो ते आईला सांगता येत नाही, म्हणून इथे एकदा सांगून बघतो. कॉम्प्युटर नेटवर्कमध्ये आला की त्याला स्वतःचा नंबर नसतो. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, मला कोणी पत्ता द्या रे. राउटर म्हणतो, सदतीस रिकामा आहे, घे, बारा तास तुझा. पण नीट वळण असलेलं मशीन लगेच जाऊन बसत नाही. ते आधी सदतीसलाच विचारतं, तिथे कोणी आहे का? विचारतं आणि थांबतं. परत विचारतं, थांबतं. तिसऱ्यांदा विचारतं. कोणीच बोललं नाही की मग ते सदतीस होतं. उत्तर न येणं हीच परवानगी. हे सगळं करणारा जो प्रोग्राम असतो, तो मी लिहितो. मोठ्या कंपनीसाठी नाही. जगात चाळीस-पन्नास माणसं मिळून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम बनवतात, जुन्या, टाकून दिलेल्या मशीनवर चालणारी. त्यातला हा पत्ते मागण्याचा भाग माझ्याकडे आहे. पगार नाही. पोटासाठी मी तारापूरच्या कारखान्यांतून केबल ओढतो, कॅमेरे लावतो, आठवड्यातून चार दिवस. शिकलो पालघरच्या एका सायबर कॅफेत, तो बंद पडेपर्यंत, आणि नंतर फोनवर, कागदपत्रं वाचून. कोणी शिकवलं नाही त्यामुळे कोणाला विचारायची सवयही लागली नाही. माझं लिहिलेलं तपासणारा माणूस सही करताना फक्त के. एस. एवढंच लिहितो. बाई आहे की बुवा, माहीत नाही. तीन वर्षांत मी के. एस.शी जितकं बोललोय तितकं बाबांशी जन्मात बोललो नसेन.

ऑगस्टमध्ये मी एक बदल केला. लॅपटॉप झोपेतून उठला की तो परत ओरडणार, परत तीनदा विचारणार, यात सहा सेकंद जायचे. मी म्हटलं, कशाला? काल सदतीस होता, आजही सदतीसच असणार, सरळ जाऊन बस. सहा सेकंदांचा एक झाला. के. एस.ने एकच शब्द लिहिला, सुंदर. मी त्या शब्दाचा फोटो काढून ठेवलाय, हे आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र कोणाला तरी सांगावं म्हणून समोरच्या खोलीतल्या शिवाजीला गाठलं. शिवाजी साताऱ्याकडचा, केमिकलच्या प्लांटमध्ये शिफ्ट करतो, घरी असला की झोपलेला असतो. डोळे चोळत त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे झालं काय दर्प्या?" मी म्हटलं, पाच सेकंद वाचले. तो म्हणाला, "बरं. मग त्या पाच सेकंदांत तू काय करणारेस?" आणि दार लावलं.

तर रविवारी काय झालं ते मला दोन मिनिटांत कळलं. पहाटे लाइट गेली होती. राउटर बंद होऊन चालू झाला आणि कोणाला कोणता नंबर दिलाय ते सगळं विसरला. माझा लॅपटॉप मिटलेला होता. मधल्या वेळात दुसरं कोणीतरी आलं, त्याने रीतसर मागितलं, राउटरने त्याला सदतीस दिला. मग मी लॅपटॉप उघडला आणि तो, मी शिकवलं तसा, न विचारता सदतीसवर जाऊन बसला. तिथे बसलेलं जे कोणी होतं ते ओरडलं, अरे, मी आहे इथे. म्हणजे चूक त्याची नव्हती. चूक माझी होती, आणि ती ऑगस्टपासून जगभर किती मशीनमध्ये गेली ते मला मोजायचं नव्हतं. पण माणूस कसा असतो बघा. मला राग त्या दुसऱ्याचा आला. माझ्या खोलीतला राउटर, पैसे मी भरतो, नंबर माझा. हा कोण? पाच मिनिटं टकटक करत नोंदी चाळल्या, मग राउटरच्या यादीत बघितलं. माझा फोन, माझा लॅपटॉप, आणि तिसरा, नाव नाही. आजकालचे फोन स्वतःची खरी ओळख सांगत नाहीत, बनावट आकडा पुढे करतात. सिग्नल चांगला होता. म्हणजे जवळच होता, भिंतीपलीकडे, दारापलीकडे. शेजारच्या पोरांनी पासवर्ड मिळवला असेल. मी त्या बिननावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बाद केलं. एक बटण असतं त्याला. नऊ वाजून बावीस मिनिटं. वेळ लक्षात आहे कारण नोंद राहते. तांबडी ओळ गेली, सदतीस परत माझा झाला, खोली होती तशी रिकामी झाली, आणि मी चूक दुरुस्त करायला बसलो. बसलो म्हणजे कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो. डोक्यात वेगळंच चाललं होतं.

विनोदचं चाललं होतं. विनोद म्हणजे सातपाटीतला माझ्या शेजारच्या घरातला, माझ्याच वयाचा, आता स्वतःच्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान. आमच्याकडे डोल लावतात. डोल म्हणजे मोठ्या तोंडाचं, शेपटाकडे निमुळतं होत जाणारं जाळं, समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीत ते आपोआप भरतं. खुंटाची जागा घराण्याची असते. कागद नाही, सातबारा नाही, पाण्यावर रेघ मारता येत नाही, पण कोणाची कुठली ते सगळ्यांना ठाऊक असतं. पाऊस सरला की खुंट ठोकायचे. दोन हंगाम एखादी जागा मोकळी राहिली आणि दुसऱ्याला हवी झाली, तर आमच्या आळीची रीत अशी आहे की त्याने येऊन विचारायचं. तीन दिवस, रोज एकदा, दिवेलागणीच्या आत. अंगणात उभं राहायचं, ओट्यावर चढायचं नाही. तुमच्या खुंटावर कोणी आहे का, एवढंच म्हणायचं आणि एक विडी संपेल एवढा वेळ थांबायचं. ज्याच्या नावाचा खुंट त्याने आहे म्हटलं तर विषय संपला. तिसऱ्या दिवशीही कोणी बोललं नाही तर जागा विचारणाऱ्याची.

मी दहा वर्षांचा असताना बाबांनी असं विचारलेलं बघितलंय. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या एकनाथबाबांच्या अंगणात. एकनाथबाबांचे दोन्ही मुलगे गुजरातच्या बोटींवर गेले ते तिकडचेच झाले. मी बाबांचं बोट धरून उभा होतो. बाबांनी विचारलं आणि विडी पेटवली. म्हातारा आत झोपाळ्यावर बसलेला दिसत होता, झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या, पण तो बोलेना. विडी संपली, आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी बाबांनी विडी दोनदा विझवून दोनदा पेटवली, म्हणजे वेळ जास्त मिळावा म्हणून, हे मला आत्ता आत्ता कळलंय. म्हातारा नाहीच बोलला. जागा आमची झाली. चांगली जागा, बोंबलाची. घरी आल्यावर आईने ताट वाढलं तर बाबा जेवले नाहीत. म्हणाले, "गप राहून दिलेली जागा अंगाला लागत नाय." आणि तिथे ठोकलेला खुंट त्यांनी स्वतःच्या नावाने ठोकला नाही. माझ्या नावाने ठोकला. मला वाटलं बक्षीस आहे. शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, समुद्रात माझी जागा आहे म्हणून.

दोन वर्षांपूर्वी दोरात सापडून बाबांचा खांदा गेला. हात वर होत नाही. बोट दुसऱ्याला चालवायला दिली, तो त्याच्या जागेवर नेतो. आमचा खुंट दोन हंगाम मोकळा. शुक्रवारी बाबांचे तीन फोन आले. मी कारखान्यात शिडीवर होतो, हे खरंय. शिडीवरून उतरल्यावरही मी केला नाही, हेही खरंय. संध्याकाळी आईचा मेसेज आला, तिच्या बोलण्यासारखाच टाईप केलेला: विनोद इचारून गेला. घरी ये. मी लिहिलं, बघतो. शनिवारी परत: दुसऱ्यांदा इचारला. याला मी काहीच लिहिलं नाही. काय लिहिणार? आहे म्हणायचं तर मला जाळं बांधता येत नाही, बोट हलली की उलटी होते, गावातली लहान पोरं मला त्यावरून चिडवायची. नाही म्हणायचं तर ते मी म्हणायचं, माझ्या तोंडाने, बाबांच्या समोर. तिसरा रस्ता रीतीतच होता. गप्प राहायचं. रविवारची दिवेलागण झाली की आपोआप होऊन जाईल आणि कोणीच काही केलं असं होणार नाही. मला हा रस्ता इतका सोयीचा वाटला की शनिवारी मला झोप चांगली लागली.

आणि बाबांना फोनवर बोलता येत नाही, हेही एक. फोनवर ते ओरडतात, वाऱ्यात ओरडल्यासारखं, आणि मग एकदम गप्प होतात. समोर असले तरी फार नाही. ऑगस्टमध्ये ते इथे एकदा आले होते, न सांगता, पिशवीत सुके बोंबील आणि आईने दिलेला डबा. मी तेव्हा इंटरनेटवर मीटिंगमध्ये होतो, के. एस.चा तो सुंदर शब्द आला त्याच आठवड्यात, पाच देशांतली माणसं कानात बोलत होती. दारात बाबा दिसले आणि मी एक बोट वर केलं. एक मिनिट. ते मान हलवून जिन्यात जाऊन बसले. मीटिंग दीड तास चालली. शिवाजीने त्यांना चहा दिला, वेळ जावा म्हणून त्यांच्या फोनला माझ्या वायफायचा पासवर्ड घालून दिला. मी बाहेर आलो तर ते निघायच्या तयारीत. म्हणाले, "तुजं काम चाललेलं. शेवटची एसटी गाठतो." मी म्हटलं, हाक मारायची ना. तर ते म्हणाले, "जाळ्यावर हात हाय त्या मानसाला हाक मारत नाय." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. बोटीवर तसा नियमच आहे. दोर ओढत असलेल्याने मान वळवली की बोटं जातात.

हे सगळं आठवत मी टाईप करत होतो. चूक सापडली होती, पण नीट दुरुस्त करायची म्हणजे ते सहा सेकंद परत घालायचे, आणि ते सहा सेकंद काढल्याबद्दलच तर सुंदर मिळालं होतं. मी मधला मार्ग शोधत होतो. एकदाच विचारायचं. तेही न थांबता. विचारल्यासारखं करायचं. तासभर मी खोडत आणि लिहीत होतो, कीबोर्ड माझा जुना, मोठा आवाज करणारा, भंगारवाल्याकडून घेतलेला. मग दार वाजलं. शिवाजी, रात्रपाळी करून आलेला, हातात माझीच पिशवी. माझी म्हणजे आमच्या घरची, खताच्या गोणीची आईने शिवलेली.

"ही जिन्यात होती. वडील निघून गेले होय तुझे?"

मी म्हटलं, कोण?

"कोण काय कोण? मी साडेआठला आलो तर बसलेले. म्हटलं, काका, दार वाजवा की. म्हणाले, तो उठला की येईल बाहेर. मी चहा ठेवला, झोपलो, आता उठून बघतोय तर पिशवीच." त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "तुला ठाऊकच नव्हतं? शाबास. दाराला लागून बाप बसलाय आणि हा गडी आत जग चालवतोय."

माझ्या डोक्यात सगळं एकदम लागलं, जसं वायर बरोबर लागली की दिवा लागतो, फक्त हा दिवा लागायला नको होता. बिननावाचा फोन. चांगला सिग्नल. ऑगस्टमध्ये घातलेला पासवर्ड, फोन विसरत नाही. नऊ बावीस. मी जिन्यात गेलो. तिसरी पायरी, जिथे भिंतीला टेकता येतं. कप होता, चहा प्यालेला, कप उपडा घातलेला, बाबा घालतात तसा. आणि विडीची राख, पण थोटूक नाही. थोटूक ते खिशात घालतात. मी तिथे बसून बघितलं. आतून काय ऐकू येत असेल म्हणून शिवाजीला म्हटलं, आत जाऊन टाईप कर. तो म्हणाला, "येडा झाला काय?" पण गेला आणि दोन बोटांनी बडवलं. सगळं ऐकू येत होतं. एकेक बटण.

मी निघालो. स्टेशनला जायच्या ऐवजी टमटम पकडली पालघरपर्यंत, तिथून सातपाटीची एसटी. पिशवी मांडीवर. शिरगावच्या वळणावर वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास आला आणि कंडक्टर कोणाला तरी म्हणाला, चला, नाकाचं तिकीट फाटलं. लोक हसले. मी रस्ताभर दोनच गोष्टी करत होतो. बाबांना फोन लावत होतो, तो बंद येत होता. आणि मनात म्हणून बघत होतो, आहे. नाही. आहे. नाही. दोन्ही शब्द तोंडात सारखेच अडकत होते. एसटीतून उतरल्यावर मी सरळ घराकडे चालायला लागलो आणि कोपऱ्यावर थांबलो, कारण पाय सवयीने जात होते, न विचारता, जसं काही तिकडे माझी बसायची जागा तशीच ठेवलेली असणार. अंगणात बोंबील वाळवायच्या काठ्या उभ्या होत्या, अजून रिकाम्या, हंगाम सुरू व्हायचा होता. आई सुपाने तांदूळ पाखडत होती. तिने मला बघितलं आणि पाखडणं थांबवलं नाही.

"बाबा कुठे?"

"आत. पडलेत. सकाळीच जाऊन आले तुझेकडं. भेटला नाय म्हणाले." मग सूप खाली ठेवून, "उपाशी आलास काय?"

भेटला नाय. बस एवढंच सांगितलं होतं त्यांनी.

बाबा कॉटवर, भिंतीकडे तोंड, चांगला खांदा खाली घेऊन. मी बाजूला बसलो. पिशवी परत आणली होती ती त्यांनी बघितली. "ती तुला ठेवली होती," म्हणाले. मी म्हटलं, दार वाजवायचं होतं ना बाबा. ते उठून बसले, वेळ लावून. "वाजवनार होतो. तुजं टकटक चाललेलं. म्हटलं, फोनवर बोलून ठेवतो, हाक नको, निरोप ठेवतो, तुजं झालं की ऐकशील. तर बोलून पाठवाया गेलो आनि नेटच गेला. एकदम. गोल फिरत ऱ्हायला." ते थोडं हसल्यासारखे झाले. "म्हटलं, पोरानं उठवलं आपल्याला."

 मी सांगू शकलो असतो की मला ठाऊक नव्हतं. ते खरंही होतं. पण बटण मी दाबलं होतं हे जास्त खरं होतं, आणि त्यांना ते बरोबर कळलं होतं, कसलाही प्रोग्राम न शिकता. मी एवढंच म्हटलं, "मीच बंद केला. कोण आहे ते न विचारता." त्यांनी मान हलवली. राग नव्हता. बंद केला, आता त्याचं काय, अशी.

ऊन कलायला लागलं तसा विनोद आला. अंगणात, ओट्याच्या खाली, पायांत चप्पल नाही. मला बघून त्याला बरं वाटलं की अवघडलं ते कळेना. "काय रे कंप्युटर तांडेल, रस्ता सापडला काय गावचा?" आई म्हणाली, "मस्करी मागून. इचारायला आलास ना, इचार."  विनोदने चेहरा सरळ केला, आणि एकदम तो माझ्या ओळखीचा राहिला नाही, मोठा माणूस झाला. "दर्पण वामन. तुझे खुंटावर कोन हाय काय?"

विडी त्याने पेटवली. बाबा दारात येऊन उभे होते, चौकटीला धरून. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. विडीकडे बघत होते. मला झोपाळ्याच्या कड्या ऐकू यायला लागल्या, एकनाथबाबांच्या. बारा-चौदा वर्षं झाली असतील त्याला, पण म्हातारा माझ्या आत बसला होता आणि झोका घेत होता, आणि मला समजत होतं की तो का बोलला नाही. त्याला वाटलं असणार, गप्प राहिलं की आपण काही दिलं नाही, घेतलं गेलं. विडी अर्धी झाली. विनोदने राख झटकली. मी ओट्यावरून खाली उतरलो, त्याच्या समोर, पायांना माती लागेल असा.

"कोणी नाही विनोद," मी म्हटलं. मग परत म्हटलं, घरच्या बोलीत. "कोन नाय. मी नाय तिथं. तू घे."

विनोदने विडी लगेच टाकली. ती संपेपर्यंत थांबावं लागलं नाही याचं त्याला हायसं वाटलं असेल. आईने आतून नारळ आणून त्याच्या हातात दिला, तो घेऊन त्याने बाबांच्या पायांना हात लावला आणि गेला. जाताना म्हणाला, "पयला बोंबील तुमचेकडंच येईल, काकी." आई पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेली. बाबा चौकटीला धरून तसेच उभे. विनोद दिसेनासा झाल्यावर म्हणाले, "आता कसं. इचारल्यावर उत्तर आलं." आणि मग, मला वाटत होतं त्याच्या आधीच, आईला, "वत्सला, वाढ."

जेवले ते. तीन भाकऱ्या. मी बघत होतो. जेवताना त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला, याचा पॅक संपलाय, बघ जरा, म्हणून. मी माझ्या फोनवरून त्यांना नेट चालू करून दिलं. त्यांच्या फोनवर ते गोल फिरणारं काहीतरी थांबलं आणि माझ्या खिशात टिंग वाजलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "तो सकाळचा. नको ऐकूस. आता काय कामाचा नाय." मी म्हटलं, बरं.

सोमवारी मी खोलीवर आलो आणि ऐकला. एक मिनिट चाळीस सेकंदांचा आहे. पहिले दहा सेकंद बाबा: "दर्पन. मी भायेर हाय, जिन्यात. तुजं झालं की ये. जागेचं हाय म्हन, नाय म्हन, पन तू म्हन. घाई नाय." मग ते बोलत नाहीत. पण बटण सोडलेलं नाही. नव्वद सेकंद नुसता जिना. खाली कोणीतरी पाण्यावरून भांडतंय, बाबांचा श्वास, आणि दाराआडून माझं टकटक. अगदी स्पष्ट. ते निरोप ठेवून उत्तराची वाट बघत होते, जसं काही आवाजी निरोपाला तिथल्या तिथे उत्तर येणार होतं. माझी टकटक मधे एकदा थांबते. तीनेक सेकंद. बाबांचा श्वासही थांबतो. मग टकटक परत सुरू होते.

मी ते सहा सेकंद परत घातले. मधला मार्ग नाही, पूर्ण तीनदा विचारायचं, दर वेळी थांबायचं, झोपेतून उठलं तरी, काल तिथेच बसलं होतं तरी. के. एस.ला लिहिलं की ऑगस्टचा बदल चूक होता, माझा होता, मागे घेतोय. उत्तर आलं, लोक म्हणतील हळू झालं, कारण काय लिहू? मी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, तिथे कोणी बसलेलं असू शकतं. सुंदर वगैरे काही आलं नाही. मंजूर आलं.

मग राउटर उघडून बाबांच्या फोनवरची बंदी काढली आणि त्या बिननावाच्या आकड्यासमोर सदतीस कायमचा लिहून टाकला. बारा तासांसाठी नाही, कायमचा. दुसऱ्या कोणाला आता तो मिळणार नाही, मलाही नाही. लॅपटॉप मिटला, उघडला. त्याने नवीन नंबर मागितला, राउटरने अडतीस दिला, आणि तो विचारायला लागला. अडतीसवर कोणी आहे का? थांबला. शिवाजीच्या खोलीतून घोरणं येत होतं. कोणी आहे का? थांबला. मी दार उघडून ठेवलं होतं, तिसरी पायरी दिसेल एवढं. तिसऱ्यांदा विचारलं त्याने, आणि मीही त्याच्याबरोबर पूर्ण वेळ थांबलो. कोणी बोललं नाही. अडतीस माझा झाला. सदतीस, यादीत, रिकामा.